हळू बोलणाऱ्या बाई

आमच्या घरात मीठसुद्धा ओरडून मागितलं जायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, जेवायला बसले की त्यांचं "मीठ आण गं" कॅनॉलच्या पलीकडच्या वस्तीवर ऐकू जायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या बायका पाण्यावर आईला विचारायच्या, "काल आमटी अळणी झाली व्हती का?" अण्णांचा तरी त्यात काय दोष? ते बैलगाड्यांच्या शर्यतीत माइकवर पुकारा करायचे. चैत्र लागला आणि गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की जुन्नर-आंबेगावच्या घाटाघाटांतून त्यांना बोलावणी यायची. घाट म्हणजे शर्यतीची धावपट्टी. बैल जुंपले, निशाण पडलं की अण्णा जी "भिर्रर्रऽऽ" आरोळी ठोकायचे, ती ऐकून बैलही उसळायचे आणि माणसंही. दोन महिने यात्रा चालायच्या, आणि उरलेले दहा महिने तोच आवाज आमच्या घरात वापरला जायचा. कर्णे, अॅम्प्लिफायर आणि वायरींची भेंडोळी माजघरात धान्याच्या कणगीशेजारी असत, आणि त्यावर आईनं स्वतः विणलेला रुमाल टाकलेला असे. आई कमी बोलायची. घरातलं बोलणं अण्णाच संपवून टाकत, तिच्या वाट्याला फारसं उरायचंच नाही. तिचा राग भाकरी थापण्यात उतरायचा. भाकरीचा आवाज मोठा आला की आम्ही भावंडं गुपचूप अभ्यासाला बसायचो.

अशा घरात ढोबळे बाई भाड्यानं राहायला आल्या. घोडेगावकडच्या होत्या, तिशीच्या आतल्या, अंगानं बारीक. गावच्या शाळेवर नेमणूक झाली आणि पडवीलगतची आमची खोली रिकामी होती, म्हणून अण्णांनीच त्यांना आणलं. एक पत्र्याची ट्रंक, एक स्टो आणि वळकटी, एवढाच त्यांचा संसार. त्यांचा आवाज इतका हळू होता की पहिल्या संध्याकाळी त्या दारात उभ्या राहून काहीतरी म्हणाल्या तेव्हा अण्णांनी दोनदा "आं?" केलं आणि मग कान पुढे केला. बाई एवढंच म्हणत होत्या की पाण्याची कळशी कुठे ठेवू. आईला मात्र त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या. थंडीत आई हुलग्याच्या शेंगोळ्या करायची, लसणाचा ठेचा घालून, आणि ताट झाकून मला बाईंच्या खोलीत पाठवायची. मी तिथून लवकर हलत नसे. बाई खात खात मला काहीबाही विचारायच्या आणि उत्तर देताना माझा आवाज आपोआप खाली यायचा. आपल्याला असंही बोलता येतं, हे मला त्या खोलीत कळलं. स्टोची फरफर चालू असायची, आणि तरीही आम्हाला एकमेकींचं बोलणं ऐकू यायचं.

शाळा दोन खोल्यांची, पत्र्याची. एका खोलीत लहान मुलं आणि त्यांचे गुरुजी, दुसऱ्या खोलीत आम्ही चौथी आणि पाचवीची पोरं एकत्र. बाईंच्या आधी आमच्या वर्गावर जे गुरुजी होते, त्यांच्या हातात कायम निरगुडीची ओली छडी असायची. ते असेपर्यंत वर्ग गप्प, आणि ते तंबाखू मळायला बाहेर गेले की वर्गाचा बाजार व्हायचा. त्यांच्या जागी बाई आल्या, हातात छडी नाही, आवाज हा असा. पहिल्या आठवड्यात आम्ही काय काय केलं ते आठवून अजून हसू येतं. पाचवीतला संभा आमच्यात सगळ्यात थोराड. दोनदा त्याच वर्गात बसलेला, बैलांच्या घरचा, मानेला जू बसेल असा. तो मधल्या सुट्टीनंतर आत यायचाच नाही. बाहेर उभा राहून पत्र्यावर खडे मारायचा. आत पत्रा वाजला की आम्ही सगळे ओरडायचो, आम्ही ओरडलो की त्याला चेव यायचा.

बाईंनी पहिले काही दिवस काहीच केलं नाही. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. दंगा सुरू झाला की त्या वाक्य अर्ध्यावर सोडायच्या आणि खडू हातात धरून उभ्या राहायच्या. चेहऱ्यावर राग नाही, कंटाळा नाही. एसटीची वाट बघणाऱ्या बाईसारख्या निवांत. मग पुन्हा सुरू करायच्या, पण आधीपेक्षा हळू. गोष्ट सांगत असल्या तर नेमकं तेव्हाच काहीतरी घडत असायचं, आणि पुढे बसलेली पोरं मागच्यांना "गप की रं" करायला लागायची. ज्याची खोडी चालू असेल त्याच्याजवळ जाऊन त्या नुसत्या उभ्या राहायच्या, तिथूनच शिकवायच्या. नाव घ्यायच्या नाहीत, कान धरायच्या नाहीत. संभाचे खडे सुरू झाले तेव्हा एकदा त्या दारात गेल्या. आता हाणतात म्हणून आम्ही माना उंचावल्या. त्या म्हणाल्या, "संभाजी, ऊन फार आहे. आत ये." त्याला आयुष्यात कुणी संभाजी म्हटलं नव्हतं. तो थोडा वेळ घुटमळला, हातातले खडे चड्डीच्या खिशात घातले आणि आत येऊन बसला. दिवाळीपर्यंत आमचा वर्ग असा झाला होता की बाहेरून जाणाऱ्याला शाळा सुटली असं वाटावं.

आणि त्यावरूनच गावात बोलणं सुरू झालं. गावाला शाळा ऐकू यायला हवी होती. पाढ्यांचा गलका, छडीचा सपका, गुरुजींचं खेकसणं, हे कानावर पडलं की लोकांना पोरं शिकतायत असं वाटायचं. देवळाच्या पारावर चर्चा झडू लागल्या. "बाई गरीब हाये, पण धाक न्हाई." "मारत न्हाई, मंग पोरं शिकत्याल कशी?" अण्णा शाळेच्या गावसमितीवर होते. घरात बाई आणि पारावर ही तक्रार, अशी त्यांची पंचाईत. पण त्यांचाही मनापासून तोच समज होता. शिमग्याच्या सुमाराला सगळ्यांनी मिळून अर्ज केला, की बाईंच्या जागी कडक गुरुजी द्यावेत, आणि पहिली सही अण्णांनी केली. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. त्या संध्याकाळी पडवीत उभं राहून त्यांनी बाईंना सांगून टाकलं, "बाई, राग मानू नका. माणूस म्हून तुमी लई चांगल्या. पण पोरांना दरारा पायजे." बाई म्हणाल्या, "बरं अण्णा." आत आईनं त्या दिवशी भाकऱ्या अशा थापल्या की तवा हलला.

मी चौथीत होते. पाचवीही त्याच खोलीत, म्हणजे बाई राहिल्या तर अजून एक वर्ष त्यांच्या हाताखाली मिळणार होतं. मला दुसरं काही नको होतं. रोज शाळेतून येताना मी ठरवायचे की आज अण्णांना सांगायचं, आणि घरी आलं की त्यांच्या आवाजापुढे माझं अवसान गळायचं. आता माझे केस पांढरे व्हायला लागलेत आणि गंमत म्हणजे माझा आवाज अण्णांवर गेलाय. फोनवर बोलले तर शेजारचे आपापल्या खिडक्या लावतात. माझी मुलगी म्हणते, "आई, आपण एकाच खोलीत आहोत." तेव्हा मला बाईंची ती खोली आठवते, आणि मी हळू बोलायचा प्रयत्न करते. चार वाक्यं जमतं, मग पुन्हा घाट सुरू होतो.

चैत्रात आमच्या गावची यात्रा आली. पाहुण्यांचे गाडे आदल्या दिवशी सकाळीच यायला लागायचे. शाळेपुढे मोठे लिंब, शेजारी हातपंप, म्हणून बाहेरगावचे बैल शाळेच्याच आवारात बांधायचे, ही गावची जुनी रीत. शाळा चालू आहे की नाही, हा विचार कुणी करत नसे. लहान मुलांना सुट्टी दिली होती, पण आमची वार्षिक परीक्षा तोंडावर होती म्हणून बाईंनी सकाळचा वर्ग भरवला. घरोघरी मासवड्यांची तयारी चाललेली, वाटलेल्या तिळाखोबऱ्याचा वास शाळेपर्यंत यायचा, आणि बाहेर लिंबाखाली पांढरे खिलार बैल, शिंगं तासलेली, तांबडा हिंगूळ लावलेली. आमचं लक्ष अभ्यासात कसं लागावं? बाई भूगोल शिकवत होत्या. अण्णा लिंबाच्या फांदीला कर्णे बांधून घेत होते.

आधी त्यांनी "हॅलो, हॅलो" केलं. कर्णा घरघरला. त्यांनी वायर हलवली, पुन्हा "हॅलो". आवाज मोकळा आला आणि तो ऐकून अण्णांना राहवलं नाही. इतक्या वर्षांची जिभेची सवय. त्यांनी माइक तोंडाशी धरून अख्खी आरोळी ठोकली, "भिर्रर्रऽऽ". आता शर्यतीच्या बैलाला ही आरोळी म्हणजे एकच गोष्ट, सुटायचं. लिंबाखालचे सगळे बैल एकदम उसळले. दावी होती म्हणून बाकीचे थांबले. एका तरण्या खोंडानं मात्र खुटा उपटला, माणसांच्या अंगावरून उडी घेतली आणि मोकळी वाट दिसली तिकडे धावला. मोकळी वाट म्हणजे आमच्या शाळेचा व्हरांडा. आमच्या खोलीच्या दारात येऊन तो थांबला. खोलीला दार एकच, खिडक्यांना गज. गळ्यातलं दावं आणि त्याला लोंबणारा खुटा फरशीवर खडखडत होता, आणि त्या खडखडाटानं तो आणखीच बिथरत होता. बाहेर माणसं धावली. काठ्या घेऊन, आरडाओरडा करत. आणि अण्णा माइकमध्येच ओरडत होते, "धरा रं, धरा, पोरं हायत आत." कर्ण्यातून त्यांचा घाबरा आवाज सगळ्या शिवारात घुमत होता. दर हाकेला खोंड एक पाऊल आत येत होता.

दारापाशी चौथीच्या मुली बसल्या होत्या. त्यातली एक रडायच्या बेतात होती. संभा उठायला लागला, त्याला वाटलं आपण वेसण धरू. बाई म्हणाल्या, "संभाजी, बस." नेहमीच्याच आवाजात. मग म्हणाल्या, "सगळ्यांनी बसल्या बसल्या मागच्या भिंतीकडे सरकायचं. उठायचं नाही. आणि सातचा पाढा म्हणायचा, माझ्याएवढ्या आवाजात." आणि त्यांनी सुरुवात केली, सात एके सात. आम्ही सरकत होतो आणि पुटपुटत होतो. पाठ दाखवायची नाही, धावायचं नाही, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, पण त्यांच्या आवाजात ते होतं. रोज त्या हळू बोलल्या की आम्ही गप्प होत होतो, त्या दिवशीही झालो, भीती असतानाही. आम्ही सरकून झाल्यावर बाई चालत चालत मधल्या मोकळ्या जागेत आल्या आणि बैलाकडे न बघता तिरक्या उभ्या राहिल्या. मी खिडकीपाशी होते. त्या माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "मंगल, अण्णांना हातानं सांग, माइक बंद करा. तोंडानं बोलू नकोस." मी गजातून हात बाहेर काढला आणि दुसरा हात तोंडावर ठेवून दाखवला. अण्णांनी मला बघितलं. मी कितीदा तरी तसंच केलं तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी बटण दाबलं, आणि मग बाकीच्यांनाही हातानं गप्प केलं.

सगळं आवार शांत झालं. पाढा तेवढा ऐकू येत होता. खोंडाचे कान आधी उभे होते, ते हळूहळू पडले. त्याचा मालक, वडगावकडचा एक म्हातारा गडी, अनवाणी पायांनी व्हरांड्यातून आला, "ये राजा, ये बाळा, काय न्हाई झालं," असं म्हणत म्हणत त्यानं वेसण धरली आणि बैल मागे फिरवला. बाई जागेवरून हलल्या नाहीत. बैल लिंबाखाली बांधला गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता पाणी प्या सगळे. रांगेत."

संध्याकाळी आईनं मासवडीचं ताट देऊन मला त्यांच्याकडे पाठवलं. बाई ट्रंकेवर बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरलेले, आणि ताट घ्यायलाही त्यांनी ते सोडले नाहीत. मी ताट ठेवून आईला बोलावून आणलं. आईनं भरपूर साखरेचा चहा केला, बशी स्वतःच धरून त्यांना पाजला. "लई भ्याल्या व्हत्या?" आईनं विचारलं. "लई," बाई म्हणाल्या. आमचा शब्द त्यांच्या तोंडी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "मंग वरडल्या कशा न्हाईत?" बाईंनी डोळे पुसले. "मी ओरडले असते तर पोरं पळाली असती. आणि पळायला एकच दार होतं." तोवर मला वाटायचं बाई शांत आहेत कारण त्यांना भीती वाटत नाही, राग येत नाही. त्यांना सगळं वाटत होतं. ते आमच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढं त्या सकाळभर करत होत्या. बाहेर पडवीत अण्णा खांबाला टेकून उभे होते. त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. त्या रात्री पाहुण्यांच्या पंगतीत ते काहीच बोलले नाहीत, आणि पाहुणे आईला विचारत होते, "पुकाऱ्या आजारी हाये का?"

यात्रा सरल्यावर अण्णा इस्त्रीचे कपडे घालून जुन्नरला गेले, अर्ज मागे घ्यायला. एकदा गेले, मग पुन्हा गेले. शेवटी आले तेव्हा टोपी हातात होती. आईला म्हणाले, "साहेब म्हणलं, तुमीच तर पयली सही केली व्हती. बदल्यांची यादी वर गेली. आता काय व्हत न्हाई." तिथे ते ओरडले असणार, हे त्यांच्या बसलेल्या घशावरून कळत होतं. जूनमध्ये हुकूम आला. बाईंची बदली घाटघरला, तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला, नाणेघाटाच्या तोंडाशी. आमच्याकडे पाऊस धड दोन महिने नाही, आणि तिकडे चार महिने सूर्य दिसत नाही. बाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "बदली ही नोकरीतच आली."

मला त्यांचा भयंकर राग आला. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण त्यांच्या शांतपणाची आठवण काढताना लोक फक्त गोड बोलतात. मी त्यांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "बाई, तुमी भांडा की. अण्णांशी भांडा. ऑफिसात जाऊन भांडा." त्या ट्रंक भरत होत्या. "मला ओरडता येत नाही गं," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी ओरडणारे दुसरे होते. मी लहानपणी एवढं ऐकलंय की तेव्हाच ठरवलं, आपल्याकडून कुणाला ऐकावं लागू नये." मग माझी वेणी सोडून त्यांनी पुन्हा घालून दिली, तशी गरज नसताना. आम्हाला वाचवलं तेही त्याच शांतपणानं, आणि गेल्या त्याही त्याच शांतपणानं. एकदाच, एकदाच त्या आमच्यासाठी ओरडल्या असत्या तर, असं मला अजून वाटतं.

एसटीच्या थांब्यापर्यंत त्यांची ट्रंक अण्णांनी डोक्यावर नेली. तिथे त्यांना काहीतरी बोलायचं होतं. शेवटी स्वतःची घोंगडी त्यांच्या हातात देऊन म्हणाले, "तिकडं पाऊस लई असतो." बाई म्हणाल्या, "माहीत आहे अण्णा. राहू दे, तुम्हाला लागेल." पण त्यांनी ती घेतली. कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर नाणेघाटाला गेले तेव्हा मी वाट वाकडी करून घाटघरच्या शाळेत डोकावले होते. बाई तिथूनही बदलून गेल्या होत्या. कुठे, ते तिथल्या नव्या गुरुजींना ठाऊक नव्हतं. भातखाचरांच्या बांधावर उभी राहून मी रडले, आणि मैत्रिणींना सांगितलं की डोळ्यांत धूर गेला.

कडक गुरुजी काही लगेच आले नाहीत. आमचा वर्ग मोकळाच बसायचा. सुरुवातीला आम्ही हवा तसा दंगा केला, पण त्यात पूर्वीची मजा राहिली नव्हती. एक दिवस बाहेर भुरभुर पाऊस होता. यंदाही पाचवीतच राहिलेल्या संभानं पुस्तक उघडलं आणि धडा वाचायला लागला. त्याला वाचता धड येत नव्हतं. अडखळत, हळू आवाजात तो वाचत होता. त्याचं पान झालं की शेजारचा पुढचं वाचायचा. ऐकायचं असेल तर गप्प बसावं लागत होतं, म्हणून सगळे गप्प होतो. माझी पाळी येत आली होती, तेवढ्यात दार काळवंडलं. अण्णा उभे होते. शाळेला लागून आमचं भुईमुगाचं वावर, तिथून ते पळत आले होते. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, डोक्यावर पोत्याची खोळ, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्यांनी टेबलाकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं, सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. मग माझ्याकडे बघून, मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं इतकं हळू म्हणाले,

"वर्गाचा काय आवाज येईना. मला वाटलं, बाई आल्या."